खडकवासल्यांतील सुदान

ठाण्याहून भिवंडीस जातांना खाडीवरचा पूल ओलांडला म्हणजे कशेळी लागते. त्या गांवीं आमच्या शेजारचा एक मुलगा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींतलें आपलें पहिलें सत्र संपवून सुटीवर आला होता. डोक्यावरचे केस अगदीं बारीक कापलेले आणि चालण्यांत एक नवाच ताठपणा. संध्याकाळीं ओट्यावर मंडळी जमली व तिकडच्या गोष्टी सुरू झाल्या. पहांटेचें उठणें, सायकलींच्या रांगा, वरच्या वर्गाच्या मुलांनीं काढलेला रगडा, आणि या सर्वांच्या मध्यभागीं उभा असलेला सुदान ब्लॉक. त्याचे आजोबा एवढा वेळ नुसते ऐकत होते. ते म्हणाले, "अरे, इमारत पुण्याची आणि नांव सुदानचें? तें कां बाबा?"

"आजोबा, सुदाननें पैसे दिले म्हणून."

"पण कां दिले?"

या दुसऱ्या प्रश्नाला मुलगा माझ्याकडे पाहूं लागला. "काका, तुम्हीच सांगा," म्हणाला. मीं त्या वेळीं दोन वाक्यांत सांगितलें. दोन वाक्यांत उरकण्यासारखी ती हकीकत नव्हती, ही रुखरुख मनांत राहिली. म्हणून आज ती श्रोत्यांपुढें जरा सविस्तर मांडीत आहें.

१९४० च्या जून महिन्यांत इटली दुसऱ्या महायुद्धांत उतरली. त्या वेळीं सुदानवर इंग्लंड व इजिप्त यांचा संयुक्त अंमल होता. म्हणजे कागदावर दोघांचा आणि व्यवहारांत एकट्या इंग्रजांचा. त्याच्या पूर्वेस इरिट्रिया व ॲबिसिनिया हे मुलूख इटलीच्या ताब्यांत होते. जुलैमध्यें इटालियन फौजांनीं सरहद्दीवरचीं कसाला व गलाबात हीं ठाणीं घेतलीं. सुदानांतलें इंग्रजी सैन्य अगदींच तुटपुंजें होतें. ती उणीव हिंदी सैन्याच्या चवथ्या व पांचव्या डिव्हिजनांनीं भरून काढली, आणि १९४१ च्या जानेवारींत तेथून उलट चढाई सुरू झाली.

या चढाईंत खडकीच्या बाँबे सॅपर्सची २१ वी फील्ड कंपनी होती. तींत प्रेमींद्रसिंह भगत नांवाचे बावीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट होते. गलाबातच्या पलीकडे माघार घेतांना शत्रूनें सारा रस्ता सुरुंगांनीं पेरून ठेवला होता. भगतांनीं चार दिवस, जवळजवळ अखंड, पुढें राहून ते सुरुंग काढले: पंधरा सुरुंगक्षेत्रें आणि ५५ मैलांचा रस्ता. त्यांची गाडी दोनदां सुरुंगानें उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी बदली माणूस घेण्यास ते तयार झाले नाहींत. या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खडकी आणि खडकवासला हीं एकाच पुण्याच्या दोन बाजूंचीं गांवें. त्या दोहोंना जोडणारा रस्ता आफ्रिकेवरून गेला आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु खरी कसोटी लागली ती केरेन येथें. केरेन हें इरिट्रियांतलें डोंगरांनीं वेढलेलें गांव. अस्माऱ्याकडे जाणारा रस्ता तेथें एका अरुंद खिंडींतून वर चढतो आणि खिंडीच्या दोन्ही अंगांचीं शिखरें इटालियनांनीं धरून ठेवलीं होतीं. सह्याद्रींत वाढलेल्या माणसाला या लढाईचें वर्णन परकें वाटत नाहीं. बचाव करणारे वर, चढणारे खाली, आणि उघड्या खडकावर लपण्यास झुडूपही नाहीं. पाणी आणि दारूगोळा माणसांच्या पाठीवरून वर न्यावा लागे. फेब्रुवारीच्या आरंभास सुरू झालेली ही झुंज २७ मार्च १९४१ रोजीं संपली. राजपुताना रायफल्सचे सुभेदार रिछपाल राम येथेंच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला. मार्चच्या मध्यास मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीनें 'फ्लॅट टॉप' नांवाची टेकडी घेतली, तर शेजारचें 'पिनॅकल' हें शिखर फ्रंटियर फोर्स रेजिमेंटच्या जवानांनीं काबीज केलें. इंग्रज व हिंदी मिळून पांचशेंहून अधिक माणसें मेलीं आणि तीन हजारांहून अधिक जखमी झालीं. आपल्याकडे पानिपत शाळेंतल्या मुलालाही ठाऊक असतें. केरेनचें नांव मात्र ज्यांच्या घरचें कोणी तेथें गेलें अशा कुटुंबांबाहेर फारसें कानीं पडत नाहीं.

या हिंदी सैनिकांच्या बलिदानाची कृतज्ञता म्हणून १९४१ मध्यें सुदान सरकारनें व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याकडे युद्धस्मारकासाठीं एक लक्ष पौंडांची देणगी दिली. येथें एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. देणारें सरकार इंग्रजांचें आणि घेणारेंही इंग्रजांचें. नाईलकाठच्या शेतकऱ्याला ती रक्कम देतांना कोणी विचारलें नव्हतें, आणि कोंकणांतल्या किंवा गढवालांतल्या ज्या घरांतून माणूस गेला, त्या घरालाही युद्धांत पडतांना कोणी विचारलें नव्हतें. तरीही त्या पैशावर जें नांव चढलें तें राज्यकर्त्याचें नसून देशाचें होतें, आणि तेंच पुढें टिकलें.

पैसा आला; पण स्मारक कोणतें उभारावें? हिंदुस्थानचे सरसेनापति ऑकिनलेक यांच्या अध्यक्षतेखालीं १९४५ मध्यें एक समिति नेमण्यांत आली. परदेशांतील लष्करी विद्यालयांचा अभ्यास करून तिनें डिसेंबर १९४६ मध्यें अहवाल दिला. भूदल, नौदल व वायुदल यांच्या भावी अधिकाऱ्यांनीं आरंभीं एकत्र राहून एकत्र शिकावें, ही तिची मुख्य शिफारस. तिच्यापुढें अमेरिकेंतील वेस्ट पॉइंटचा नमुना होता खरा, परंतु तेथें शिकतात ते भूदलाचे उमेदवार. तिन्ही दलांचीं मुलें एकाच छपराखालीं आणण्याची कल्पना त्याहून धाडसाची होती. मृतांचें स्मारक दगडी खांबाऐवजीं शिकत्या मुलांच्या रूपानें उभें राहिलें, हें मला या साऱ्या हकीकतींतलें सर्वांत शहाणपणाचें पाऊल वाटतें.

मध्यंतरीं फाळणी झाली. तोफा, पलटणी, टेबलें आणि खुर्च्या यांच्याबरोबर सुदानच्या देणगीचीही वांटणी झाली. भारताच्या वांट्यास ७०,००० पौंड आले, उरलेले ३०,००० पाकिस्तानला गेले. केरेनच्या उतारावर पठाण, पंजाबी मुसलमान, गढवाली, राजपूत आणि मराठे एकाच हल्ल्यांत पडले होते. त्यांच्या स्मरणार्थ आलेली रक्कम अशी तुकड्यांनीं मोजली गेली.

काम मात्र थांबलें नाहीं. १ जानेवारी १९४९ रोजीं डेहराडूनजवळ क्लेमेंट टाउन येथें तिन्ही दलांची संयुक्त शाखा सुरू झाली. कायमच्या जागेसाठीं अनेक प्रांतांनीं मागणी केली होती. मुंबई सरकारनें खडकवासल्याचा तलाव आणि भोंवतालच्या टेकड्या मिळून ८,०२२ एकर जमीन देऊं केली व तो मान पुण्याला मिळाला. लोहगांवचा विमानतळ जवळ, समुद्र फार दूर नाहीं, हवा उत्तम. शिवाय महायुद्धांत बोटींतून किनाऱ्यावर उतरण्याचें शिक्षण देणारें एक केंद्र याच तलावाच्या उत्तर तीरावर होतें, आणि तेथें 'अँगोस्टुरा' नांवाचें एक नकली जहाजही उभारलेलें होतें. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या कुशींत, मुठेच्या धरणावर नौकायुद्धाचे धडे! ६ ऑक्टोबर १९४९ रोजीं पंडित नेहरूंनीं कोनशिला बसविली. १९५४ च्या डिसेंबरांत प्रबोधिनी येथें आली आणि १६ जानेवारी १९५५ रोजीं तिचें उद्घाटन झालें. खडकवासल्यांतील आरंभींचीं वर्षें मेजर जनरल हबीबुल्ला यांच्या हाताखालीं गेलीं. तेथील मोठें सभागृह त्यांच्याच नांवाचें आहे.

भारताच्या वांट्याचा पैसा ज्या इमारतीसाठीं लागला ती प्रबोधिनीची मुख्य इमारत, म्हणजेच सुदान ब्लॉक. तांबूस दगडाच्या कमानी, लांब व्हरांडे आणि वर घुमट, असें तिचें रूप आहे. ३० मे १९५९ रोजीं सुदानचे राजदूत रहमतुल्ला अब्दुल्ला यांच्या हस्तें ती खुली झाली. सुदान १९५६ च्या आरंभीं स्वतंत्र झाला होता. देणगी परतंत्र सुदाननें परतंत्र हिंदुस्थानला दिली, आणि तिचें फळ स्वतंत्र सुदानच्या राजदूतानें स्वतंत्र भारतांत खुलें केलें. अठरा वर्षांत एवढें घडलें.

इमारतीच्या दर्शनी दालनांत परमवीरचक्र व अशोकचक्र मिळविलेल्या माजी विद्यार्थ्यांचीं चित्रें लावलेलीं आहेत. परमवीरचक्राचा पहिला मान कॅप्टन गुरबचनसिंग सालारिया यांचा. ५ डिसेंबर १९६१ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या सेनेंत असतांना काँगोमध्यें, मोजक्या गुरख्यांनिशीं आपल्याहून कितीतरी मोठ्या टोळीवर चालून जाऊन ते पडले. आफ्रिकेंत पडलेल्यांच्या नांवानें ही वास्तु उभी राहिली, आणि तिच्या पहिल्या परमवीरालाही आफ्रिकेंतच मरण आलें. हा योगायोग मीं कोठें ठळकपणें लिहिलेला पाहिला नाहीं. पुढें १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल जळत्या रणगाड्यांतून न उतरतां लढत गेले; वय एकवीस. संचलनाच्या मैदानाला आज त्यांचें नांव आहे. ३ जुलै १९९९ रोजीं खालुबारच्या कड्यावर कॅप्टन मनोजकुमार पांडे पडले.

आतां तेथल्या रीतींकडे वळूं. तीन वर्षांचीं सहा सत्रें, अठरा स्क्वाड्रनें, आणि वर्षातून दोनदां, मे व नोव्हेंबरच्या अखेरीस, दीक्षांत संचलन. दिवसभर मुलें सायकलींवरून रांगेनें हिंडतात. चूक झाली तर तीच सायकल डोक्यावर घ्यावी लागते. तलावाच्या ज्या भागांत शिडाच्या नौका चालविण्यास शिकवितात त्याला 'पीकॉक बे' म्हणतात. समोर सिंहगड सारखा डोळ्यांपुढें असतो, आणि शिक्षा म्हणून त्या गडावर पाठविण्याची जुनी चाल आहे. ज्या कड्यावर तानाजी चढला त्याच्या वाटेला आपल्या अपराधासाठीं लागावें लागणें, यांत अपमान किती आणि मान किती, हें मला ठरवितां आलेलें नाहीं. वरच्या सत्रांतील एका खडतर शिबिराचें नांव तोरणा, अर्थातच त्या गडावरून. रगड्याबद्दल मात्र माझें मत थोडें निराळें आहे. दमणूक शिकविते हें खरें, पण ती करविणारा स्वतः अठरा-एकोणीस वर्षांचा असतो, हें विसरतां कामा नये.

सर्वांत साधी जागा म्हणजे 'हट ऑफ रिमेंब्रन्स', स्मरणकुटी. ही मुलांनींच स्वतःच्या श्रमानें बांधली. रणांत पडलेल्या माजी विद्यार्थ्यांचीं नांवें तेथें आहेत. आपणच बांधलेल्या भिंतीवर आपलें नांव येण्याची शक्यता ठेवून बांधलेली इमारत मला दुसरी ठाऊक नाहीं.

महाराष्ट्राविषयीं एक शब्द. जमीन आपण दिली, पण मुलें पुरेशीं दिलीं नाहींत. ती उणीव ध्यानीं घेऊन १९७७ मध्यें राज्य सरकारनें औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली. त्यापूर्वीं १९६१ मध्यें देशांतील पहिली सैनिक शाळा साताऱ्यास निघालीच होती.

आणि मुलीही आल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या १९२१ नव्हे, २०२१ च्या आदेशानंतर (असा आदेश शंभर वर्षें आधीं कोणी काढला असता, तर काय गहजब झाला असता!) २०२२ मध्यें पहिली तुकडी दाखल झाली, आणि ३० मे २०२५ रोजीं तींतील सतरा जणी तीनशेंहून अधिक मुलांबरोबर संचलन करून बाहेर पडल्या. सुदान ब्लॉक खुला झाला तीही ३० मेचीच तारीख, सहासष्ट वर्षांपूर्वींची.

हें सर्व मीं दुसऱ्या दिवशीं आजोबांना सांगितलें. त्यांनीं एकच विचारलें, "तिकडे जे मेले, त्यांचीं नांवें कोठें आहेत का?" आहेत. केरेनच्या युद्धस्मशानांत एक दहनस्मारक आहे. ज्या हिंदु व शीख सैनिकांना तेथें अग्नि दिला गेला, त्यांचीं नांवें त्यावर कोरलेलीं आहेत. मुलानें खिशांतली लहानशी वही काढली आणि केरेनचें स्पेलिंग मला विचारून लिहून घेतलें.