मुंडांची पडहा-व्यवस्था व सासनदिरीचें प्रामाण्य

वतनाचा वाद निघाला कीं महजर, निवाडपत्र किंवा वंशावळ पुढें करावयाची, ही आपल्या संशोधकांची रीत आहे व ती योग्यच आहे. परंतु जेथें कागद करण्याचा प्रघातच नव्हता, तेथें हक्काचें प्रमाण कशांत शोधावयाचें? झारखंडांतील रांची व खुंटी या जिल्ह्यांच्या मुंडा लोकांचा इतिहास या प्रश्नाचें उत्तर देतो. म्हणून तो आम्ही येथें थोडक्यांत मांडीत आहों.

मुंडांच्या मूळ जमीनव्यवस्थेस खुंटकट्टी म्हणतात. ज्या खुंटानें, म्हणजे कुळाच्या शाखेनें, रान तोडून गांव वसविलें, त्याच्या वंशजांची तेथील जमिनीवर व रानावर सामाईक मालकी असे. गांवचा कारभार मुंडा पाही. देवकार्य पाहन करी. एका किलीच्या, म्हणजे कुळाच्या, सुमारें बारा गांवांचा मिळून पडहा होई व त्यावर मानकी असे. गांवांत न मिटलेला तंटा पडह्याच्या पंचांपुढें जाई. शरच्चंद्र रॉय यांच्या १९१२ सालच्या ग्रंथांत या व्यवस्थेचें विस्तृत वर्णन आहे. वाचकांस येथें पाटील, देशमुख व गोतसभा यांची आठवण होईल. परंतु देशमुखाचें वतन सनदेनें दृढ होई. मानकीचा अधिकार मूळचा भाऊबंदांच्या संमतीचा होता.

या संमतीचा लेख म्हणजे सासनदिरी. दिरी म्हणजे दगड. मृताच्या अस्थि ज्या शिळेखालीं ठेवीत ती ही शिळा. मूळ वसविणाऱ्या खुंटाच्याच अस्थि गांवच्या सासनांत ठेवावयाच्या, असा नियम असल्यामुळें, कोणाचे पूर्वज कोठें निजले आहेत यावरून जमीन कोणाची हें ठरे. चोकाहातू येथील सात हजारांहून अधिक शिळांच्या सासनाची माहिती डाल्टन यानें १८७३ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत दिली आहे. असा दगड बनावट कागदासारखा एका रात्रींत उभा होत नाहीं.

तथापि कचेऱ्यांस कागद हवा होता. छोटानागपूरच्या राजास मुंडा लोक जो चंदा देत, तो पुढें सारा मानला गेला व जहागीरदार आणि ठिकादार गांवांत शिरले. १८३१–३२ चें कोल बंड या अन्यायांतून उद्भवलें. १८३७ सालीं विल्किन्सन यानें शेजारच्या कोल्हानांत हो लोकांचे मानकी व मुंडा कायम ठेविले, परंतु वसुली व पोलिसी यांचा भार देऊन त्यांस सरकारास जबाबदार केलें. बिरसा मुंडा यांचा उलगुलान १८९९–१९०० सालीं झाला; ९ जून १९०० रोजीं रांचीच्या तुरुंगांत त्यांचा अंत झाला. त्यानंतर १९०३ व १९०८ च्या कायद्यांनीं मुंडारी खुंटकट्टीस मान्यता मिळून तिच्या हस्तांतरास बंधन पडलें; पण तोंपर्यंत पुष्कळ गांवें हातचीं गेलीं होतीं.

ही व्यवस्था सर्वांस समान होती असें मात्र नव्हे. मागाहून आलेल्या परजांस खुंटकट्टीचा वांटा नसे, आणि १९०८ च्या कायद्यानेंही वारसा पुरुषांच्या वंशाकडेच ठेविला.

२०१७–१८ सालीं खुंटी भागांत ग्रामसभेचे अधिकार व संविधानांतील तरतुदी कोरलेले दगड उभे राहिले. या पत्थलगडीबद्दल राजद्रोहाचे खटले भरले गेले. ते मागें घेण्याचा निर्णय डिसेंबर २०१९ मध्यें नव्या राज्य सरकारनें केला. जुन्या शिळांवर अक्षर नव्हतें, नव्यांवर आलें. दगडानें हक्क सांगण्याची रीत मात्र तीच राहिली.

आमच्या मतें यांतून संशोधकानें इतकें घ्यावें: ज्यांचें दफ्तर नाहीं त्यांचा इतिहास नाहीं, असें समजणें ही प्रमाणशास्त्रांतील उणीव तर आहेच, पण त्या समजुतीपायीं प्रत्यक्ष जमिनी गेल्या आहेत. सासनांतील शिळांचीं स्थानें, त्यांच्या खुंटांचीं नांवें व वृद्धांच्या तोंडच्या वंशावळी यांची नोंद आपण जुन्या कागदांइतक्याच काळजीनें केली पाहिजे.