बेसबॉलचा हिवाळी बाजार

वर्ल्ड सिरीज संपली की अमेरिकेतली बेसबॉलची मैदानं मार्चच्या अखेरीपर्यंत ओस पडतात. बोलणं मात्र थांबत नाही, थंडीत तर त्याला ऊतच येतो. कुणाचा करार संपला, कोण कुठल्या टीमकडे चालला आहे, आपल्या मालकाने चांगला पिचर देऊन त्या बदल्यात जे घेतलं ते पदरात पाडण्यासारखं होतं का? या गप्पांना तिथे ‘हॉट स्टोव्ह लीग’ म्हणतात. गावातल्या दुकानात शेगडीभोवती खुर्च्या ओढून लोक बसायचे, त्या काळापासून हे नाव चालत आलं आहे.

या गप्पांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. पूर्वीचे खेळाडू एका टीमला आयुष्य वाहून टाकायचे, आता निष्ठा उरली नाही, सगळे पैशामागे धावतात. ही तक्रार मला मनापासून खटकते. खेळाडूंच्या अदलाबदलीचा इतिहास मागे मागे तपासत गेलं, तर त्या जुन्या निष्ठेच्या मुळाशी निष्ठा सापडत नाही, मालकांनी केलेला एक नियम सापडतो.

सुरुवात 1875 पासून करावी लागते. हॅरी राइटची बॉस्टन रेड स्टॉकिंग्ज तेव्हा सलग चौथ्या वर्षी विजेतेपदाकडे निघाली होती. खेळाडूंचे करार वर्षावर्षाचे असत आणि वर्ष संपलं की ज्याला जिथे जायचं तिथे तो जाई. शिकागोच्या विल्यम हल्बर्टने सीझन चालू असतानाच गुपचूप अल स्पॉल्डिंग, रॉस बार्न्स, कॅल मॅकव्ही आणि डीकन व्हाइट हे बॉस्टनचे चार खांब पुढच्या वर्षासाठी फोडले आणि फिलाडेल्फियाहून कॅप ॲन्सनलाही आणलं. सीझनमध्ये दुसऱ्याचे खेळाडू फोडणं तेव्हाच्या संघटनेच्या नियमात बसत नव्हतं. कारवाई होण्याआधीच हल्बर्टने वेगळी चूल मांडली. 2 फेब्रुवारी 1876 रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात नॅशनल लीग स्थापन झाली आणि पहिलं विजेतेपद अर्थातच शिकागोने घेतलं. आजही चालू असलेली ही लीग अशी खेळाडूंच्या पळवापळवीतून जन्माला आली आहे.

पण जी वाट आपण वापरली तीच उद्या दुसरा वापरेल, हे मालकांच्या लवकरच लक्षात आलं. सप्टेंबर 1879 मध्ये बफेलोला बैठक झाली आणि तिथे गुप्त समझोता ठरला. प्रत्येक टीमने आपले पाच खेळाडू राखून ठेवायचे आणि बाकीच्यांनी त्यांना हात लावायचा नाही. सुरुवातीला राखीव पाचांत नाव येणं खेळाडूंनाही मानाचं वाटलं. पुढे पाचाचे अकरा झाले, अकराचे चौदा आणि शेवटी संघातला प्रत्येक जण राखीव झाला. मग हाच नियम करारातलं कलम बनला. त्याला रिझर्व्ह क्लॉज म्हणत. करार एका वर्षाचा, पण पुढच्या वर्षासाठी तो वाढवण्याचा हक्क मालकाकडे आणि त्या वाढीव करारातही तेच कलम. म्हणजे एकदा सही केली की खेळाडू त्या मालकाचा. मालक मात्र त्याला विकू शकत होता, दुसऱ्याशी बदलू शकत होता, हाकलूही शकत होता. पगार पटला नाही तर खेळाडूने घरी बसायचं, दुसऱ्या टीमचं दार त्याला बंद.

बाजार उभा राहिला तो या कलमामुळे. जो माणूस आपल्या मर्जीने जाऊ शकतो त्याची विक्री करता येत नाही. खेळाडू बांधला गेला आणि त्याला किंमत आली. 1887 च्या फेब्रुवारीत शिकागोने किंग केलीला 10,000 डॉलरला बॉस्टनला विकलं, तेव्हा देशभर त्याच रकमेची चर्चा होती. त्याच वर्षी जॉन माँटगोमेरी वॉर्ड या खेळाडूने एका मासिकात लेख लिहून विचारलं की बेसबॉल खेळणारा माणूस म्हणजे कुणाची जंगम मालमत्ता आहे का. वॉर्ड कोलंबिया विद्यापीठातून कायदा शिकलेला होता आणि खेळाडूंची पहिली संघटना 1885 मध्ये त्यानेच बांधली होती. मालकांनी पगाराला 2,500 डॉलरची कमाल मर्यादा घातली तेव्हा या मंडळींनी 1890 मध्ये स्वतःची प्लेयर्स लीग काढली. बहुतेक नावाजलेले खेळाडू तिकडे गेले. पैसा लावणारे एका सीझननंतरच कच खाऊन मालकांशी मिळाले आणि ती लीग बुडाली.

पुढे 1922 मध्ये, बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू होतो का, हा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे आला. न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला की बेसबॉलचे सामने म्हणजे राज्याराज्यांतला व्यापार नव्हे, त्यामुळे तो कायदा त्यांना लागू होत नाही. तिकिटं विकणाऱ्या आणि आगगाडीने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात टीम नेणाऱ्या धंद्याबद्दलचा हा निकाल पन्नास वर्षं खेळाडूंच्या मानेवर बसला.

रिझर्व्ह क्लॉजच्या काळातले हिवाळे पाहिले की निष्ठा कोण कुणाशी राखत होतं ते कळतं. 1919 च्या मोसमात बेब रूथने बॉस्टन रेड सॉक्सकडून 29 होमरन मारले, तोवर इतके कुणीही मारले नव्हते. 26 डिसेंबरला मालक हॅरी फ्रेझीने त्याला न्यूयॉर्क यांकीजला 1 लाख डॉलरला विकलं, वर यांकीजच्या मालकाकडून 3 लाखांचं कर्ज घेतलं. पुढच्या वर्षी रूथने 54 होमरन मारले. रेड सॉक्सला पुढची वर्ल्ड सिरीज जिंकायला 2004 उजाडलं. आणि जॅकी रॉबिन्सन? वर्णभेदाची भिंत पाडून ब्रुकलिन डॉजर्ससाठी दहा वर्षं शिव्याशाप सोसत खेळलेला हा माणूस. डिसेंबर 1956 मध्ये डॉजर्सनी त्याला कट्टर वैरी असलेल्या न्यूयॉर्क जायंट्सच्या हवाली केलं. तो तिकडे गेला नाही, निवृत्त झाला. चाहते ज्याला निष्ठेचा सुवर्णकाळ म्हणतात, तो हाच काळ.

या कलमाला कोर्टात आव्हान देणारा कर्ट फ्लड हा सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटर फिल्डर. बारा वर्षं तिथे खेळला आणि 1963 पासून सलग सात वर्षं क्षेत्ररक्षणासाठीचा गोल्ड ग्लव्ह त्याने जिंकला. ऑक्टोबर 1969 मध्ये फोनवरून त्याला कळलं की आपल्याला फिलाडेल्फियाला धाडलं आहे. फ्लडसह चौघे तिकडे जाणार होते आणि बदल्यात डिक ॲलनसह तिघे सेंट लुईसला येणार होते. या सौद्याचं दुसरं टोकही बघण्यासारखं आहे. ॲलनला फिलाडेल्फियातून कसंही करून सुटायचं होतं. तिथले प्रेक्षक त्याच्या अंगावर वस्तू फेकत, म्हणून तो क्षेत्ररक्षण करतानाही डोक्यावर हेल्मेट ठेवी. 1969 च्या सीझनमध्ये पहिल्या बेसजवळच्या मातीत तो बुटाच्या टोकाने शब्द कोरायचा: ‘बू’, ‘का’, आणि सीझन संपण्याची तारीख, ‘2 ऑक्टोबर’. त्याच शहरात, त्याच प्रेक्षकांपुढे आता दुसऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूला पाठवलं जात होतं. त्याला विचारावं असंही कुणाला वाटलं नाही.

फ्लड खेळाडूंच्या युनियनचा प्रमुख मार्विन मिलर याच्याकडे गेला. मिलर पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेला मुरलेला अर्थतज्ज्ञ. त्याने स्पष्ट सांगितलं की खटला तू हरशील आणि तुझं करिअरही संपेल. फ्लडने एवढंच विचारलं की पुढच्या खेळाडूंना याचा उपयोग होईल का. होईल, असं उत्तर मिळाल्यावर तो उभा राहिला. 24 डिसेंबर 1969 रोजी त्याने कमिशनर बोवी कून यांना पत्र पाठवलं. बारा वर्षं खेळल्यावरही माझ्या मर्जीचा विचार न करता विकत घ्यावी आणि विकावी अशी वस्तू मी नाही, असं त्याने त्यात कळवलं होतं. 1970 चा पूर्ण सीझन तो खेळला नाही. तेव्हा त्याचा पगार 90,000 डॉलर होता आणि फिलाडेल्फिया त्याहून जास्त द्यायला तयार होतं, म्हणजे भांडण पैशाचं नव्हतंच. साक्षीला जॅकी रॉबिन्सन आला, हँक ग्रीनबर्ग हा जुना खेळाडू आला. खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टात फिरकला नाही. जून 1972 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 3 मतांनी त्याच्या विरोधात निकाल दिला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी निकालपत्राच्या आरंभी 80 हून अधिक जुन्या खेळाडूंची नावं कौतुकाने नोंदवली, 1922 चा निकाल विसंगत आहे हेही मान्य केलं आणि दुरुस्ती काँग्रेसने करावी म्हणून हात झटकले. खेळावरचं प्रेम माणसाला खेळाडूविषयी किती आंधळं करू शकतं, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

हरूनही फ्लडने कोंडी फोडली होती. पुढच्याच करारात युनियनने नियम मिळवला की दहा वर्षं खेळलेला आणि त्यातली शेवटची पाच एकाच टीममध्ये काढलेला खेळाडू आपली अदलाबदल नाकारू शकतो. फ्लड त्यात सहज बसला असता. डिसेंबर 1973 मध्ये शिकागो कब्जच्या रॉन सँटोने हा हक्क पहिल्यांदा वापरला.

खुला बाजार कसा दिसेल, याची पहिली झलक आली ती एका मालकाच्या चुकीमुळे. ओकलंडच्या चार्ली फिनलीने कॅटफिश हंटर या पिचरच्या करारातल्या विम्याचे 50,000 डॉलर भरलेच नाहीत. डिसेंबर 1974 मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी करार मोडल्याचा निर्णय देऊन हंटरला मोकळं केलं. मग जवळपास सगळ्या टीम्सची माणसं नॉर्थ कॅरोलायनातल्या अहॉस्की या छोट्या गावात त्याच्या वकिलाच्या ऑफिसात येऊन थडकली. ज्यांनी आजवर खेळाडूंना तारेने बदली कळवली, ते आता आपली पाळी येईपर्यंत बसून राहिले. वर्षाच्या शेवटच्या दिवशी हंटरने यांकीजशी पाच वर्षांचा, 30 लाख डॉलरहून मोठा करार केला. सगळ्यात मोठा आकडा त्यांचा नव्हता. पण त्याला पोरसवदा वयात निवडणारा क्लाइड क्लुट्झ आता यांकीजकडे होता आणि त्या माणसावर हंटरचा विश्वास होता. निवडीचा हक्क मिळताच पहिल्या मोठ्या खेळाडूने जास्तीची रक्कम सोडून माणूस पाहिला, ही गोष्ट निष्ठेबद्दल गळा काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

वर्षभराने फ्लोरिडातल्या एका हॉटेलात टीम्सची हिवाळी बैठक भरली. शिकागो व्हाइट सॉक्स नुकतीच विकत घेतलेले बिल व्हीक यांनी चक्क लॉबीत टेबल मांडलं, ‘दुकान उघडं आहे’ अशी पाटी लावली आणि चाहत्यांच्या, पत्रकारांच्या गराड्यात मध्यरात्रीच्या मुदतीआधी एकामागून एक सौदे उरकले. व्हीक दिलदार माणूस होते, फ्लडच्या बाजूने त्यांनी साक्षही दिली होती. तरी लॉबीतल्या टेबलावर जे बदललं जात होतं ती माणसं होती. अशा बाजाराचं ते जवळजवळ शेवटचंच प्रदर्शन ठरलं.

23 डिसेंबर 1975 रोजी साइट्झ यांचा दुसरा निर्णय आला. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली हे पिचर सही न करताच त्या वर्षी खेळले होते. कलमात एक वर्षाची मुदतवाढ लिहिली आहे, तर एकच वर्ष, असं साइट्झ यांनी ठरवलं. मालकांनी त्यांना लगेच कामावरून काढलं, कोर्टात गेले आणि हरले. 1879 चा नियम 96 वर्षांनी तुटला.

आता सगळेच खेळाडू दरवर्षी मोकळे व्हावेत, असं फिनली म्हणत होता. मिलरला नेमकी त्याचीच धास्ती होती, कारण शेकडो खेळाडू एकदम बाजारात आले असते तर भाव कोसळले असते. बाकीच्या मालकांना हे उमगलं नाही. 1976 मध्ये सहा वर्षं पूर्ण केल्यावरच खेळाडू मोकळा होईल, असं ठरलं. म्हणजे दर हिवाळ्यात थोडेच खेळाडू आणि गिऱ्हाईकं भरपूर. सरासरी पगार 1976 मध्ये सुमारे 51 हजार डॉलर होता, तो 1980 मध्ये 1 लाख 43 हजारांवर गेला. सहा वर्षांची ती अट आजही तशीच आहे.

श्रीमंत टीम्स सगळं लुटून नेतील, असा मालकांचा तेव्हाचा आक्रोश होता. जुन्या नियमाच्या छत्राखाली 1947 ते 1964 या अठरा वर्षांत यांकीज पंधरा वेळा वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचले आणि दहा वेळा जिंकले. नियम तुटल्यानंतर 1978 ते 1987 या दहा वर्षांत दहा वेगवेगळ्या टीम्स जिंकल्या. 1985 नंतर मालकांनी आपसांत संगनमत करून मोकळ्या खेळाडूंना भाव द्यायचंच बंद केलं. लवादापुढे ते उघडं पडलं आणि 1990 मध्ये 28 कोटी डॉलर भरपाई देऊन मिटवावं लागलं.

8 डिसेंबर 2024 च्या रविवारी डॅलसला हिवाळी बैठक सुरू होत होती. त्या रात्री बातमी फुटली की 26 वर्षांचा हुआन सोटो यांकीज सोडून शहरातल्याच मेट्सकडे जातो आहे, पंधरा वर्षांसाठी, 76 कोटी 50 लाख डॉलरला. त्याच दिवशी त्याच बैठकीत हॉल ऑफ फेमच्या समितीने जुन्या काळातल्या दोघांची निवड जाहीर केली. त्यांतला एक डिक ॲलन. त्याला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मिलरची निवडही त्याच्या मृत्यूनंतर, 2019 मध्ये झाली होती. ॲलनच्या बदल्यात ज्याला धाडलं होतं, त्या कर्ट फ्लडचं नाव 2024 मध्ये समितीपुढच्या यादीतही नव्हतं.