सहावं घर

माझ्यासमोर एक जुनी फाइल उघडी आहे. दोन मॅट्रिक्सचा गुणाकार करणारं फोर्ट्रान भाषेतलं एक सबरूटीन तिच्यात आहे. त्याचं नाव डी-जी-ई-एम-एम, बोलताना ‘डीजेम’. कोडच्या आधीच्या टिपणात तारीख आहे, ८ फेब्रुवारी १९८९, आणि तिच्याखाली चौघांची नावं: जॅक डोंगारा, इयन डफ, जेरेमी दु क्रो, स्वेन हॅमरलिंग. बरंच खाली उतरलं की एक ओळ लागते. दिलेली माहिती चुकीची असेल तर ही ओळ तक्रार नोंदवणाऱ्या दुसऱ्या एका सबरूटीनला हाक मारते आणि हाक मारताना स्वतःचं नाव सांगते. नाव अवतरणचिन्हांत आहे, पण शेवटच्या ‘एम’नंतर अवतरण लगेच मिटत नाही. मध्ये एक जागा रिकामी सोडलेली आहे. डी-जी-ई-आर नावाच्या फाइलीतही अशीच ओळ आहे. तिथे दोन जागा रिकाम्या आहेत.

ज्याने हे लिहिलं त्याने मोजून लिहिलं आहे. नाव सहा घरांचं असायचं, आणि अक्षरं कमी पडली तर उरलेली घरं मोकळी ठेवायची. ही सहा घरं कुठून आली आणि त्यांत कोण कसं राहायला आलं, त्याची ही कुळकथा.

१९५०च्या दशकात आयबीएमचं ७०४ नावाचं यंत्र होतं. त्याचा एक ‘शब्द’ ३६ बिटांचा. एका अक्षराला तेव्हा ६ बिट लागत, म्हणजे एका शब्दात बरोबर सहा अक्षरं मावत. १९५७ साली याच यंत्रासाठी फोर्ट्रान आली आणि तिने चलांच्या नावांना सहा अक्षरांची मर्यादा घातली. पूर्ण नाव एका शब्दात बसलं की दोन नावं सारखी आहेत का हे यंत्राला एका फटक्यात तपासता येई. यंत्र गेलं, मर्यादा राहिली. १९६६च्या प्रमाण फोर्ट्रानमध्ये ती होती, १९७७च्याही. फोर्ट्रान ९०ने ती ३१वर नेली, तोवर तीन दशकं लोटली होती. त्यात भाषेचा आणखी एक रिवाज होता: आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव वेगळं काही सांगितलं नसेल तर पूर्णांकाचं, बाकीची दशांशाची. म्हणजे नावाचं पहिलं अक्षर नुसती खूण नव्हतं, त्याला कंपायलरच्या लेखी अर्थ होता.

एवढ्याशा जागेत शेकडो सबरूटीनांची बारशी करायची होती. ज्याने त्याने आपापली तोड काढली. ब्रिटनमध्ये १९७० साली काही विद्यापीठांनी मिळून सुरू केलेल्या नॅग या संग्रहाने ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखे क्रमांक दिले. ‘डी-शून्य-एक-ए-जे-एफ’ म्हटलं की डी-शून्य-एक हे संकलनाचं प्रकरण, ए-जे हा त्यातला अनुक्रम आणि एफ म्हणजे फोर्ट्रान. कपाट सापडतं, पण पुस्तकात काय आहे ते नावावरून कळत नाही. अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत झालेल्या आइसपॅक या संग्रहाने उलटा मार्ग धरला. विल्किन्सन आणि राइन्श यांच्या १९७१च्या ग्रंथातल्या अल्गॉल भाषेतल्या कृतींची नावं त्याने तशीच उचलली: ट्रेड-टू, टी-क्यू-एल-टू. ज्याला ग्रंथ पाठ त्याला ती घरच्यासारखी. नव्या माणसाला प्रत्येक नाव सुटं घोकावं लागे.

तिसरी वाट काढणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. चार्ल्स लॉसन आणि फ्रेड क्रोह कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत होते. रिचर्ड हॅन्सनसह त्यांनी १९७३ साली एक प्रस्ताव छापला. रेषीय बीजगणितात तीच तीच बारीक कामं प्रत्येक प्रोग्रामर नव्याने लिहितो, तर त्यांची नावं आणि मांडणी एकदा सगळ्यांनी मिळून ठरवू या, असा त्याचा आशय. पुढे डेव्हिड किंकेड त्यांना मिळाले. १९७९ साली ३८ सबरूटीनांचा संच प्रसिद्ध झाला. हाच ‘ब्लास’.

त्यातलं सर्वांत लाडकं नाव सॅक्सपी: एस-ए-एक्स-पी-वाय. एका व्हेक्टरला एका संख्येने गुणायचं आणि दुसऱ्या व्हेक्टरमध्ये मिळवायचं, म्हणजे ए गुणिले एक्स, अधिक वाय. मधला ‘पी’ म्हणजे प्लस. फळ्यावर लिहिलेलं सूत्र बोलताना जसं उच्चारू तसंच नाव झालं. पुढचा ‘एस’ सांगतो की संख्या एकेरी अचूकतेच्या आहेत. दुहेरी हव्या असतील तर डी, संमिश्र संख्यांना सी. दुहेरी अचूकतेच्या संमिश्र संख्या प्रमाण फोर्ट्रानमध्ये तेव्हा नव्हत्याच. पुढे त्या आल्या तेव्हा त्यांना झेड मिळालं, गणितात संमिश्र चलाला रूढ असलेलं अक्षर.

आता एका नावाजवळ जरा थांबायला हवं. व्हेक्टरची लांबी काढणारं सबरूटीन एस-एन-आर-एम-टू. इंग्रजीत या लांबीला ‘नॉर्म’ म्हणतात, मग त्यातला ‘ओ’ कुठे गेला? एस-एन-ओ-आर-एम-टू लिहिलं असतं तरी सहाच झाली असती. पण या कुळात आणखी एक भावंड होतं. संमिश्र व्हेक्टर घेऊन साधी संख्या परत देणारं. तिथे दोन अक्षरं लागतात, पहिलं उत्तराच्या प्रकाराचं, दुसरं आत येणाऱ्या माहितीचं: एस-सी-एन-आर-एम-टू. मोजा, सहा. ‘ओ’ ठेवला असता तर सात झाली असती. एका भावंडासाठी सगळ्यांनी आपला ‘ओ’ सोडला आणि घराणं एकसारखं राहिलं. आय-डी-ए-एम-ए-एक्स बघा. सर्वांत मोठा घटक कितव्या जागी आहे हे ते सांगतं. जागेचा क्रमांक पूर्णांक, म्हणून पुढे ‘आय’. कंपायलरचा रिवाज आणि माणसाची समजूत एकाच अक्षरात बसवली आहे.

त्याच १९७९ साली रेषीय समीकरणं सोडवणाऱ्या लिनपॅक या संग्रहाचं मार्गदर्शक पुस्तक आलं, डोंगारा, बंच, मोलर आणि स्ट्युअर्ट या चौघांचं. माझ्या मते नावांचं खरं व्याकरण इथे बांधलं गेलं. पहिलं घर संख्येच्या प्रकाराचं. पुढची दोन मॅट्रिक्सच्या जातीची: सर्वसाधारण असेल तर जी-ई, पट्ट्यासारखी असेल तर जी-बी, धन-निश्चित असेल तर पी-ओ. शेवटची दोन कामाची: अवयव पाडायचे तर एफ-ए, समीकरणं सोडवायची तर एस-एल. डी-जी-ई-एस-एल आणि डी-पी-ओ-एफ-ए ही दोन नावं ज्याला माहीत आहेत तो डी-पी-ओ-एस-एल कधीही न पाहता लिहू शकतो, आणि ते खरोखर तिथे असतं. मोबाइल आपल्याकडे आला त्या दिवशी कोणी त्याची विभक्ती शिकवली नव्हती. तरी आपण ‘मोबाइलला’, ‘मोबाइलने’, ‘मोबाइलचा’ म्हणायला लागलो, कारण प्रत्यय आधीच तयार होते. लिनपॅकच्या नावांत हीच ताकद आहे. ती दिसायला ओबडधोबड आहेत हे खरं, पण मला ती सुंदर वाटतात.

१९८०च्या दशकात यंत्रं बदलली. आकडेमोड स्वस्त झाली, स्मृतीतून आकडे आणणं महाग पडू लागलं. म्हणून ब्लासच्या वर आणखी दोन मजले चढले: १९८८ साली मॅट्रिक्स-व्हेक्टरची कामं, १९९० साली मॅट्रिक्स-मॅट्रिक्सची. दुसऱ्या मजल्याचा फायदा पहिल्यापेक्षा फार मोठा. हजार बाय हजारच्या दोन मॅट्रिक्स गुणून तिसरीत साठवायच्या तर आकडे हाताळायचे तीस लाख, आणि आकडेमोडी सुमारे दोनशे कोटी. एकदा जवळ आणलेला आकडा पुन्हा पुन्हा वापरता येतो. नावांसाठी लिनपॅकची घरं तयारच होती. डी, मग जी-ई, मग एम-एम म्हणजे मॅट्रिक्स गुणिले मॅट्रिक्स. असा आपला डीजेम जन्मला. मॅट्रिक्स सममित असेल तर एस-वाय-एम-एम, त्रिकोणी असेल तर टी-आर-एम-एम. डी-एस-वाय-आर-टू-के या भावंडाने सहाही घरं भरली. तक्रार नोंदवणारं सबरूटीन एक्स-ई-आर-बी-एल-ए, तेही सहाचं, आणि समोरच्याचं नावही ते सहा अक्षरांचंच मागत असे. डीजेमच्या अवतरणातली ती मोकळी जागा त्याच्यासाठी.

ही तक्रार पडद्यावर पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी पुण्यात शिकत होतो. डीजेममध्ये शिरताना आठव्या क्रमांकाचं मूल्य अवैध आहे, एवढंच त्यात होतं. डीजेमला तेरा गोष्टी पुरवाव्या लागतात. बोटांवर मोजत आठवीपर्यंत आलो, ती पहिल्या मॅट्रिक्सची स्तंभांमधली उडी निघाली. माझाच आकडा चुकला होता. त्या दिवसापासून हे नाव माझ्या ओळखीचं झालं. पुढे २००७च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यातल्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा ‘एका’ हा महासंगणक जगात चौथा आल्याचं वाचलं, सेकंदाला जवळपास ११८ लाख कोटी आकडेमोडी. ही क्रमवारी ज्या कसोटीवर लागते ती लिनपॅकच्या कुळातली, आणि तिचा बहुतेक वेळ डीजेममध्ये जातो. आपल्या गावातल्या त्या यंत्राचा क्रमांक या पाच अक्षरांनी ठरवला याचा मला अजून आनंद वाटतो.

लिनपॅक आणि आइसपॅक या दोघांचा वारसा चालवणारं लॅपॅक १९९२ साली आलं आणि घरांची टंचाई जाणवू लागली. सममित मॅट्रिक्सची आयगेन मूल्यं काढणारं डी-एस-वाय-ई-व्ही पाचांत आटोपलं होतं. त्यामुळे नवी पद्धत आली की सहाव्या घरात एक अक्षर येऊन राही. तज्ज्ञांसाठीच्या आवृत्तीला एक्स, मॅट्रिक्स विभागून सोडवणारीला डी. पण सिंग्युलर व्हॅल्यू डिकॉम्पोझिशन, म्हणजे एसव्हीडी, काढणारं डी-जी-ई-एस-व्ही-डी आधीच भरलेलं होतं. त्याचीही विभागून सोडवणारी आवृत्ती तयार झाली तेव्हा आणखी एक ‘डी’ ठेवायला जागा नव्हती. मग ‘व्ही’ने घर सोडलं आणि नाव झालं डी-जी-ई-एस-डी-डी. पायथनच्या नमपाय लायब्ररीत एसव्हीडी मागितलं की आजही हेच कामाला लागतं. नमपायने वापरणाऱ्यासाठी ‘सॉल्व्ह’ सारखे सरळ शब्द ठेवले, आणि माहितीपत्रकात मूळ कुळाचा उल्लेख करताना आधी अंडरस्कोर देऊन पुढे जी-ई-एस-व्ही लिहिलं. पहिलं घर मोकळं, कारण तिथे एस, डी, सी, झेड यांपैकी कोण येणार ते तुमच्या आकड्यांवर ठरतं.

पहिल्या घरात नंतरही पाहुणे आले. एनव्हिडियाच्या लायब्ररीत अर्ध्या अचूकतेच्या संख्यांना एच मिळालं. यंत्र-शिकवणीसाठी बीफ्लोट-१६ नावाचा निराळा सोळा बिटांचा प्रकार पुढे आला, तेव्हा ओपनब्लास या ब्लासच्या मुक्त आवृत्तीत त्याच्या गुणाकाराला आधी एस-एच-जेम म्हटलं गेलं. पण ‘एच’मुळे तो अर्ध्या अचूकतेचा वाटण्याची भीती होती. २०२०मध्येच नाव बदलून एस-बी-जेम केलं. बी आत येणाऱ्या आकड्यांचा, एस उत्तराचा. चाळीस वर्षांपूर्वी एस-सी-एन-आर-एम-टूने घालून दिलेली रीतच ती. मला हा बदल फार पटतो, कारण नाव रुळल्यावर ते हलवणं जड जातं आणि इथे ते वेळेत हललं.

सहाचं बंधन आता उरलेलं नाही. तक्रार घेणाऱ्या सबरूटीनने लांबीची अट सोडून दिली, आणि लॅपॅकच्या नव्या नावांत अंडरस्कोरच्या पुढे वेगळ्या खुणा जोडलेल्या दिसतात. गुणाकार पूर्ण मॅट्रिक्सचा, पण उत्तराचा त्रिकोणी अर्धाच भाग लिहायचा, असं एक काम इंटेलच्या संग्रहात आधीपासून जेमला ‘टी’ जोडून होतं. मूळ ब्लासमध्ये ते आलं तेव्हा ‘टी’पुढे ‘आर’ही लावला, कारण या घराण्यात त्रिकोणी म्हणजे टी-आर, हे १९७९पासून ठरलेलं आहे. डी-जी-ई-एम-एम-टी-आर, सात अक्षरं. फोल्डरमध्ये नावं वर्णक्रमाने लावली की ही नवी फाइल डीजेमच्या लगेच खाली येते. वरच्या फाइलीत ‘एम’नंतरची मोकळी जागा अजून आहे.