त्रैराशिक आणि आपला जिल्हा

श्रोतेहो, घरचे पोर पाचवी ओलांडून सहावीत गेले की आईबापांच्या मनात एक धास्ती शिरते. तोवर पाढे म्हणवून घेता येत होते, बेरीज-वजाबाकी तपासता येत होती. आता पुस्तकात कंस दिसतात, उणे चिन्हे दिसतात, आकड्यांच्या जागी अक्षरे दिसतात. मग "आम्हाला काय कळतंय यातलं, गुरुजींना विचार," असे म्हणून वही परत केली जाते. या मधल्या वर्गांतल्या गणितात असते तरी काय? आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासातूनच त्याचे उत्तर शोधू या.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे शाळेच्या तीन पायऱ्या असत. पहिली तहतानिया, मधली वस्तानिया आणि वरची फौकानिया. खालच्या वर्गांत मराठी चाले. वर चढावे तसतसा उर्दूचा अंमल. म्हणजे गणित अवघड होण्याच्या नेमक्या वेळी भाषाही बदलायची! बेरजेचे 'जमा' झाले, वजाबाकीची 'तफरीक', गुणाकाराचा 'जर्ब', भागाकाराची 'तकसीम'. त्रिकोणाला 'मुसल्लस' म्हणायचे आणि कोनाला 'जाविया'. यात उर्दूचा काही दोष नाही. आपला 'वजाबाकी' हा शब्द तरी कुठून आला? तोही अरबीच आहे. पण घरात जी भाषा कानावर पडत नाही तिच्यातून अपूर्णांक समजून घेणे म्हणजे एका वेळी दोन ओझी उचलणे. अशा काळात, १९२१ साली, आपल्याच जिल्ह्यातल्या हिप्परगा गावी राष्ट्रीय शाळा निघाली, आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले, ही गोष्ट शिक्षकबंधूंनी मुलांना जरूर सांगावी.

आता शाळेबाहेर येऊ. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही अशा शेतकऱ्यालाही त्या काळी एक अवघड गणित सोडवावे लागे. संस्थानचा रुपया वेगळा. त्याला 'हाली' म्हणत. इंग्रजी मुलखातला तो 'कलदार'. बार्शी-सोलापूर इंग्रजी मुलखात, परांडा-भूम-कळंब संस्थानात. माल बार्शीच्या पेठेत विकला तर हातात कलदार पडे, आणि गावी सारा भरायचा तो हालीत. भाव असा की सहा कलदारांचे सात हाली. अठरा कलदार मिळाले तर हाली किती? सात गुणिले अठरा, भागिले सहा. एकवीस. हे सोपे झाले. पण दहा कलदार असतील तर? अकरा रुपये, दहा आणे, आठ पै. आता इथे "अकरा घ्या आणि निघा" असे कोणी म्हटले, तर ज्याला हिशेब येतो तो थांबेल आणि ज्याला येत नाही तो दहा आणे आठ पै तिथेच सोडून गावाकडे निघेल.

या रीतीचे नाव त्रैराशिक. तीन राशी माहीत असतात, चौथी काढायची असते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त या तीन राशींना प्रमाण, फल आणि इच्छा अशी नावे वापरली आहेत. आपल्या उदाहरणात सहा कलदार हे प्रमाण, सात हाली हे फल आणि आपल्याजवळचे कलदार ही इच्छा. फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा. आजच्या पुस्तकात 'गुणोत्तर व प्रमाण' म्हणून जो धडा येतो तो हाच. मधल्या वर्गांतले निम्मे गणित या एका रीतीवर उभे आहे म्हटले तरी चालेल. शेकडेवारी म्हणजे इच्छेच्या जागी शंभर ठेवलेले त्रैराशिक. नफा-तोटा तेच, व्याज तेच.

पुढे संस्थान गेले, हाली शिक्काही गेला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. आता रुपयाचे शंभर नये पैसे. एका आण्याचे सव्वासहा नये पैसे होतात, पण पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून तक्त्यात एक आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असे ठरले. एकेका आण्याची वस्तू चारदा घेतली तर चोवीस पैसे, एकदम घेतली तर पंचवीस. गावोगावच्या दुकानांत यावरून वाद व्हावेत, यात नवल नाही. १९५८ पासून शेराची जागा हळूहळू किलोने घेतली. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी हे सारे पाढे ज्या व्यवहारासाठी पाठ होत, तो व्यवहारच बदलला. पाढे मागे पडले आणि दशांश चिन्ह पुढे आले. पण त्रैराशिक मात्र जागच्या जागी राहिले.

आता ज्याची जास्त भीती वाटते त्या उणे संख्यांकडे वळू. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन आणि ऋण यांचे नियम सांगितले. ऋण म्हणजे कर्ज. घरात पाचशे रुपये आहेत आणि दुकानदाराचे आठशे देणे आहे, तर आपली स्थिती उणे तीनशे. हे कुठल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागेल? ऋण गुणिले ऋण बरोबर धन कसे, असे पोराने विचारले तर सांगा: रोज वीस रुपये कमी होतात, हे उणे वीस. तीन दिवस मागे जायचे, हे उणे तीन. तीन दिवसांपूर्वी खिशात साठ रुपये जास्तच होते ना? झाले धन साठ.

अक्षरांचेही तसेच. जी संख्या ठाऊक नाही तिला नाव द्यायचे, एवढेच त्यात असते. आपले जुने गणिती तिला 'यावत्तावत्' म्हणत. म्हणजे 'जेवढी असेल तेवढी'.

व्याजाचा धडा आला की मात्र मुलाला घरातच गुरू भेटतो. आई बचत गटात असेल तर तिला 'दोन रुपये शेकडा' म्हणजे काय ते ठाऊक असते. अडीचशे रुपये, दरमहा दोन रुपये शेकडा, दीड वर्ष. व्याज नव्वद रुपये. पुस्तकात तोच दर 'दरसाल दर शेकडा चोवीस' असा लिहिलेला असतो. हे दोन्ही दर एकच आहेत, हे ज्या मुलीला सातवीत कळले ती पुढे कुठल्याही कागदावर अंगठा उठवण्याआधी आकडा तपासून पाहील. हिशेब न कळल्यामुळे कर्जाच्या कागदावर किती जणांच्या जमिनी गेल्या, हे जुनी माणसे जाणून आहेत.

शिक्षकांना शेवटी एक सुचवावेसे वाटते. आपला जिल्हा पावसाची वाट पाहणारा आहे. पर्जन्यमापकात पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला, तर एका एकरावर किती पाणी पडले? एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. एक मिलिमीटर पावसाचे चौरस मीटरला एक लिटर पाणी होते. गुणाकार केला तर एक लाखाहून अधिक लिटर! हे गणित मुलांना वर्गात करायला लावा, आणि घरी जाऊन वडिलांना सांगायला लावा. त्या पाण्यातले आपण अडवले किती, हा प्रश्न वडील आपणहून विचारतील.

तेव्हा मायबापहो, पुढच्या वेळी पोराने वही पुढे केली तर ती लगेच परत करू नका. "यात प्रमाण कोणतं, फल कोणतं आणि काढायचं काय?" एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तर त्याला काढू द्या.