गडांचे तालुके आणि वाडीवरचा माणूस

भोर संस्थानच्या दप्तरात तालुक्यांची नावे गडांवरून पडलेली आढळतात: रोहिड्याचा विचित्रगड, तोरण्याचा प्रचंडगड, राजगड आणि घाटाखालचा सुधागड, पाचवा तेवढा पवनमावळ. भोरचे संस्थानिक असलेल्या पंतसचिवांच्या अमलाखाली सह्याद्रीचा माथा आणि पायथा असे एकत्र नांदत होते, आणि त्याच डोंगरकुशीत महादेव कोळी व कातकरी यांच्या वाड्या होत्या. परंतु जेध्यांचे रोहिडखोरे काय किंवा बांदलांचे हिरडस मावळ काय, ज्या गोतसभांनी वतनाचे तंटे तोडले, त्यांच्या महजरांवर, म्हणजे निवाडापत्रांवर, देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी आणि बलुतेदार यांच्याच निशाण्या उमटत. खैराचा कात काढून पोट भरणाऱ्या, वतन ना बलुते अशा कातकऱ्याला त्या बैठकीत स्थान नव्हते.

१९४८ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झाले. सुधागड कुलाब्याकडे गेला, भोर-वेल्हे पुण्याकडे आले, आणि घाटावरचे व घाटाखालचे सोयरे दोन जिल्ह्यांचे रहिवासी ठरले. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा, १ मे १९६२ ची जिल्हा परिषद आणि १९९३ ची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती यांनी गावाचा कारभार मताधिकारावर उभा केला, अनुसूचित जमातींना राखीव जागा दिल्या, सरपंचपदाचीही पाळी ठरवली. हे स्थित्यंतर मी लहान मानत नाही. मात्र पुणे जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावची काही गावे पाचव्या अनुसूचीत आहेत, भोर-वेल्हे नाहीत. त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला दिलेले अधिकार येथे लागू होत नाहीत, आणि आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरीही जिल्ह्याच्या उत्तर भागात, घोडेगावी आहे.

राखीव जागेवर उभे राहायचे तर जातीचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा हवा. ज्याच्या आजोबांच्या नावे सातबारा नव्हता, ज्याचे बिऱ्हाड दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते, त्याने हा पुरावा आणावा कोठून? ग्रामसभा तर रिवाजाने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. म्हणजे वर्षातील पहिल्या दोन सभांच्या वेळी वाडी ओस असते, आणि रस्ता, नळ, घरकुल यांचे ठराव तिच्या गैरहजेरीत होतात. याला उदासीनता म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणूनच २००६ च्या वनहक्क कायद्याचे मोल या खोऱ्यांत अधिक आहे. तो अनुसूचित क्षेत्राबाहेरही चालतो, दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो, आणि २०१२ च्या सुधारणेनुसार वनहक्क समितीत किमान दोन तृतीयांश सभासद अनुसूचित जमातीचे असावे लागतात. गोतसभेपासून पंचायतीपर्यंत ज्याला कधी बहुमत लाभले नाही, त्याला ते येथे कायद्यानेच लाभते. फक्त या समितीची बैठक आषाढ ते भाद्रपदात, माणसे वाडीवर असताना, बोलावली पाहिजे.