मोडी लेखांची संगणकीय मांडणी

ऐतिहासिक कागद छापतांना मजकुराइतकीच त्याची मांडणीहि महत्त्वाची असते, ही गोष्ट संशोधकांस नवी नाहीं. परंतु निबंध हातानें लिहून छापखान्याकडे धाडण्याची चाल आतां मोडली आहे. संशोधक स्वतःच वर्ड प्रोसेसरमध्यें मजकूर उतरतो, तळटिपा देतो आणि पृष्ठेंहि लावतो. जें काम पूर्वीं खिळे जुळविणारा व मुद्रितें तपासणारा असे दोघे करीत, तें आतां एकट्याच्या माथीं आलें आहे. यामुळें मूळ कागद कोठें संपला आणि संपादकाचा हात कोठें लागला, हें ओळखण्याच्या खुणा पुसल्या जाण्याचा संभव उत्पन्न झाला आहे. त्याचा विचार येथें थोडक्यांत करावयाचा आहे.

मोडी पत्राची मांडणी ठरीव असे. माथ्यावर श्री, डाव्या हातास समास, मग मायना, पुढें मजकूर, शेवटीं मिति आणि मोर्तब. लेखक आधीं आडवी रेघ ओढी आणि अक्षरें तिच्याखालीं लिहीत जाई. शब्द तोडण्याची चाल नसल्यामुळें ओळ एकसंध दिसे. ऱ्हस्वदीर्घाचा भेदहि बहुधा पाळलेला नसे. मजकूर लांबला तर बंदास बंद चिकटवीत. या प्रत्येक गोष्टीस पुराव्याची किंमत आहे. मोर्तबाखालीं मजकूर आढळला तर तो मागाहून घातला कीं काय, हा प्रश्न उभा राहतो; समासांतील अक्षराचें वळण निराळें दिसलें तर दुसऱ्या हाताची शंका येते.

केरीचा मराठी कोश इ. स. १८१० मध्यें श्रीरामपूर येथें मोडी टायपांत छापला गेला. परंतु पुढें छापण्याचें काम बालबोध टायपाकडेच गेलें. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. सरदेसायांनीं संपादिलेले पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० नंतरच्या थोड्याच वर्षांत निघाले. या ग्रंथांतून मोडी पत्रें वाचकांपुढें आलीं तीं बालबोध रूपांत. लिप्यंतरांत मुळाची ओळ मोडते, आणि शब्द तोडावे लागतात ते संपादकाच्या समजुतीप्रमाणें. ही हानि भरून काढण्यासाठीं लेखांक, माथ्यावरील शक व तारीख, गेलेल्या अक्षरांच्या जागीं टिंबें आणि पदरच्या अक्षरांभोवतीं कंस, अशा खुणा रूढ झाल्या. वाचकाचा विश्वास या खुणांवर चालतो.

वर्ड प्रोसेसरमध्यें हा विश्वास राखावयाचा तर एक तत्त्व ध्यानांत ठेविलें पाहिजे. अक्षर कसें दिसावें हें ठरविण्यापूर्वीं तें काय आहे, हें सांगावें. पुष्कळ जण मथळा हातानें ठळक करितात, परिच्छेद रिकाम्या जागा टंकून आंत सरकवितात, आणि मूळ पत्राची प्रत्येक ओळ तोडून नवी ओळ सुरू करितात. फाँट किंवा कागदाचें माप बदललें कीं ही सारी रचना विसकटते. त्याऐवजीं मथळा, लेखांक, मूळ मजकूर आणि संपादकीय टीप अशा चार निरनिराळ्या शैली आरंभींच ठरवाव्या, व प्रत्येक परिच्छेदास त्याची शैली द्यावी. मग रूप एके ठिकाणीं बदललें असतां सर्वत्र बदलतें, अनुक्रमणिकाहि मथळ्यांवरून आपोआप तयार होते. मुळांतील ओळ कोठें संपली हें तिरप्या रेघेनें दाखवावें.

तळटिपांचे आंकडे यंत्राच्या हवालीं करण्यास हरकत नाहीं. मधें एक टीप वाढली तर पुढील आंकडे तें आपण होऊन सुधारतें. लेखांकांचें मात्र तसें नाहीं. पूर्वीं प्रसिद्ध झालेल्या लेखांकाचा हवाला इतरांनीं दिलेला असतो. मधें एक पत्र घातल्यानें पुढचे सारे लेखांक सरकले, तर ते हवाले खोटे पडतात. म्हणून लेखांक हातानेंच टंकावे.

आपोआप शुद्धलेखन सुधारण्याची सोय मूळ मजकुरास घातक आहे. ‘विनंति’ची ‘विनंती’ झाली तर ती एक वेळ चालेल. परंतु शुहूर सनाचे अंक अरबी शब्दांत असतात. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७१, अर्थात् इ. स. १७७०-७१. यांतील ‘सबैन’चें ‘तिसैन’ झालें तर वीस वर्षांचा फरक पडून थोरल्या माधवरावांचें पत्र सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत जाऊन बसेल. मूळ मजकुराच्या शैलीपुरती तपासणी बंद ठेवितां येते. ती ठेवावी, आणि सुधारणेची सोयहि बंद करावी.

दुसरा धोका डोळ्यांस न दिसणारा आहे. ‘साताऱ्याहून’ या शब्दांतील अर्धा र युनिकोडमध्यें दोन रीतींनीं लिहिला जातो. एकींत ‘ऱ’ हें अक्षर असतें, दुसरींत साधा ‘र’ व त्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच. परंतु एका रीतीनें शोध केला असतां दुसऱ्या रीतीचा शब्द सांपडेलच असें नाहीं. एका संग्रहांत एकच रीत पाळावी.

सर्वांत मोठी चिंता जुन्या फायलींची आहे. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली व तींत देवनागरी होती. मोडी लिपीचा समावेश २०१४ सालीं झाला. युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वीं बहुतेक मराठी फाँटांत अक्षरांचीं चित्रें रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेलीं असत. फाँट हाताशीं असेपर्यंत मजकूर वाचतां येई. तो नाहींसा झाला कीं रोमन अक्षरांची अर्थशून्य रांग तेवढी उरते. मूळ कागद कसरीनें खाल्ला आणि नक्कल अशा फायलींत अडकून पडली, तर त्या पत्राचा पुरावा दोन्हीकडून बुडाला. असा मजकूर युनिकोडमध्यें उतरविणारीं साधनें आहेत. परंतु त्यांच्यावर विसंबून न राहतां उतरलेली प्रत मुळाशीं अक्षरशः ताडून पाहिली पाहिजे, आणि हें काम मूळ कागद शाबूत आहे तोंवरच होण्यासारखें आहे.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं अशा नकला असतील त्यांनीं प्रत्येक लेखाच्या तीन वस्तू एकत्र ठेवाव्या : मूळ कागदाचें छायाचित्र, युनिकोडमधील साधा मजकूर, आणि मांडणी कायम ठेवणारी पीडीएफ प्रत. लिप्यंतर कोणीं, कधीं व कोणत्या कागदावरून केलें, आणि तो कागद अस्सल कीं नक्कल, हें त्याच फायलीच्या माथ्यावर नोंदवावें. छायाचित्रावरून समास व मोर्तब कळेल, साध्या मजकुरावरून शोध चालेल, व नोंदीवरून पुढील वाचकास संपादकाचें वाचन तपासतां येईल. संग्राहकांनीं हें काम आपल्या दप्तरांतील सर्वांत जीर्ण रुमालापासून सुरू करावें, ही विनंति.