मुंगूस इंग्रजीत कसं पोचलं?

पेणहून रोह्याच्या गाडीत बसला असाल, तर नागोठणं यायच्या आत हा एपिसोड संपेल. आजचा विषय आहे इंग्रजीतले दोन-तीन गमतीदार शब्द आणि त्यांचं आपल्या किनाऱ्याशी असलेलं नातं.

आधी एक सापळा. पेण आणि पेन! इंग्रजांनी हा शब्द आपल्या गावावरून उचलला, असं कुणी ठोकून दिलं तर? साफ चूक. पेन आला लॅटिन 'पेन्ना'वरून. पेन्ना म्हणजे पीस. पूर्वी पिसानेच लिहायचे ना! आवाज सारखा म्हणून नातं लागत नाही. त्यासाठी तीन गोष्टी बघायच्या : वस्तू कुठली, शब्द कुठल्या वाटेने गेला आणि तो कधी लिहिला गेला.

आता इंग्रजी 'मॉन्गूस' घ्या. प्राणी आपल्याकडचा, शब्दही आपलाच, मुंगूस. पण मधे पोर्तुगीज आहेत. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका समुद्राला मिळते तिथे रेवदंडा आणि कोर्लई. रेवदंडा 1740 पर्यंत पोर्तुगीजांच्या हातात होतं, आणि कोर्लईत पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही बोलतात. अशा पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी हा शब्द ऐकला आणि पुढे तो इंग्रजांकडे गेला. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर 1670च्या दशकात इकडे होता. 1698 साली लंडनला छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा प्राणी येतो.

त्याच पुस्तकात शिवराज्याभिषेकासाठी 1674 साली रायगडाकडे निघालेल्या इंग्रज वकिलाची हकिगत आहे. ही मंडळी चौलहून होडीने आली 'एस्थेमी'ला. ओळखलंत? आपली रोह्याची अष्टमी! अष्टमीचं एस्थेमी होतं, तिथे मुंगूसची काय कथा? इंग्रजी कानाला त्यात 'गूस', म्हणजे हंसासारखा पक्षी, ऐकू आला असणार. स्पेलिंग तसंच झालं. पण हंसाशी संबंध नाही, म्हणून अनेकवचन 'गीस'सारखं न होता 'मॉन्गूसेस' असं होतं.

आणि बोंबील? इंग्रजीत त्याला 'बमलो' म्हणतात. हा शब्द बोंबीलवरूनच आला असावा, असं कोशकार मानतात. त्याचं दुसरं नाव बॉम्बे डक. यावर एक फेमस गोष्ट फिरते : सुके बोंबील रेल्वेच्या डाकगाडीतून जायचे, डब्यांना वास यायचा, म्हणून 'बॉम्बे डाक', आणि डाकचं झालं डक. मस्त गोष्ट! पण आपल्याकडची पहिली रेल्वे धावली 16 एप्रिल 1853ला, बोरीबंदर ते ठाणे. बॉम्बे डक हे नाव त्याआधीच इंग्रजी लिखाणात सापडतं. गोष्ट तारखेवरच आपटली.

एक लक्षात घ्या. मुंगूस, बोंबील हे कुणा पंडिताने दिलेले शब्द नव्हेत. ते कोळ्यांच्या, शेतकऱ्यांच्या तोंडचे. परक्यांनी ते कागदावर उतरवले, म्हणून आज त्यांचा माग काढता येतो. नुसत्या बोलण्यातल्या कितीतरी शब्दांना ते नशीब मिळालं नाही.

तेव्हा एक काम करा. पेणच्या मिठागरातले, खाडीतल्या मासेमारीतले, भाताच्या खाचरातले घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे शब्द फोनवर रेकॉर्ड करा. सोबत अर्थ, गाव आणि तारीख मात्र नक्की टाका.